सरळ हँडलची टूरिंग सायकल : गोवा ते विजयदुर्ग, सामानासकट

मये_डिचोली

नमस्कार मंडळी. मी डिचोलीकडची, वय ४४, उंची पाच फूट चार इंच. सात गिअरच्या साध्या सायकलवर सुटीच्या दिवशी मये, नार्वे, तिथून फेरीबोटीने दिवाडी आणि दुसऱ्या फेरीने जुने गोवे, एवढे चालवते. आता तेरेखोल ओलांडून किनाऱ्याने वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग असे जायचे पक्के केले आहे. सोबत मैत्रीण आहे. मागे गाडी ठेवायची नाही. कपडे, हत्यारे, पाणी सगळे सायकलवरच. दिवसाला ५०-६० किलोमीटर आणि मुक्काम घरगुती ठिकाणी, त्यामुळे तंबू-स्टोव्ह नाही.

अडचण अशी की ड्रॉपबार, म्हणजे खाली वळलेले हँडल, मला मानवत नाही. हात लहान आहेत, उतारावर वाकून ब्रेक दाबताना पकड येत नाही. सरळ हँडलच हवे. पण दुकानात टूरिंग म्हटले की ड्रॉपबार पुढे करतात, आणि सरळ हँडल म्हटले की जाड शॉकॲबवाली डोंगरी सायकल (एमटीबी), नाहीतर शहरात फिरायची हायब्रिड. सायकलला ६० हजार, आणि कॅरिअर, बॅगा, मडगार्डना आणखी दहा. याच्या वर जाणार नाही. नेमके काय बघून घेऊ?

अंत्रुजकर

ताई, थोडी सवय केलीत तर ड्रॉपबारच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात आणि वाऱ्यात वाकता येते. किनाऱ्यावर दुपारी समोरून वारा सुटला की सरळ हँडलवर छाती उघडी पडते. मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करतो, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तिथे हा फरक जाणवतो. लिव्हर लहान हातांसाठी जवळ आणता येतात, मेकॅनिकला सांगून बघा.

शापोराकाठ

ताई, सरळ हँडल घ्या, किंतु ठेवू नका. अंत्रुजकरांचा मुद्दा वाऱ्यापुरता खरा आहे. पण तुम्हाला वेळेची मर्यादा नाही, ब्रेकवर पूर्ण पकड हवी आहे, आणि जो रस्ता तुम्ही धरणार तो सतत चढ-उताराचा आहे. तिथे रुंद हँडलवर सामान लादलेली सायकल जास्त ताब्यात राहते.

पैशाचे गणितही आहे. सरळ हँडलवर एमटीबीचेच शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर बसतात. ते स्वस्त असतात आणि मिळायला सोपे. ड्रॉपबारचे ब्रेक-गिअर एकत्र असलेले लिव्हर महाग. त्यामुळे ६० हजारांत ड्रॉपबार घेतली तर पैसा लिव्हरमध्ये जातो आणि चाके, गिअर यांत काटकसर झालेली असते.

'आता सरळ घेऊ, पुढे बदलू' हा विचारही नको. सरळ हँडलची नळी, जिथे लिव्हर बसतात तिथे, २२.२ मिलिमीटरची, ड्रॉपबारची २३.८. एकाचे लिव्हर दुसऱ्यावर बसत नाहीत. रिमला चिमटणाऱ्या व्ही-ब्रेकला लिव्हर जास्त तार ओढणारा लागतो, तोही बदलावा लागतो. शिवाय सरळ हँडलच्या सायकलची फ्रेमच थोडी लांब केलेली असते, तिच्यावर ड्रॉपबार लावला की हात फार पुढे जातात. म्हणून हा निर्णय एकदाच.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुकानात गेलात की रंग, कंपनी, वजन सगळे बाजूला ठेवा आणि आधी दात मोजा. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात. पुढचा आकडा मागच्यापेक्षा लहान असलाच पाहिजे.

शहरी हायब्रिडवर पुढे २८ आणि मागे २८ असा जोड सर्रास दिसतो. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, साधारण २.२ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर तासाला जवळपास आठ किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो. चढावर सामानासकट आठचा वेग झेपला नाही की पाय मंदावतात, गुडघ्यावर जोर येतो आणि माणूस खाली उतरून ढकलू लागतो. तेच पुढे २६, मागे ३४ असेल तर त्याच फेऱ्यात सायकल १.६८ मीटर जाते. तासाला सहा किलोमीटर, आणि पायाला पाऊणच जोर. हा पाव हिस्सा म्हणजेच चढत राहणे आणि ढकलणे यातला फरक. पुढे तीन चक्रे ४८-३६-२६ आणि मागे ११ ते ३४ हा जोड तुमच्या कामाला चोख आहे. पुढे ४४-३२-२२ वाला एमटीबीचा मिळाला तर चढाला आणखी हलका. सपाटीवर जोरात पळायचे सुख थोडे कमी होईल, त्याने तुमचे काही बिघडत नाही.

हल्ली पुढे एकच चक्र देतात. वापरायला सोपे आहे, पण स्वस्त सायकलवर मागचा पल्ला पुरेसा मोठा नसतो. तिथेही दात मोजल्याशिवाय हो म्हणू नका.

दुसरे, मागचे चाक. सामानाचा भार तिथेच येतो. स्पोक ३२ तरी हवेत, ३६ असतील तर उत्तम. आणि मागे गिअरचा गट्टा फ्रीव्हीलचा आहे की कॅसेटचा, हे विचारून घ्या. सात गिअरच्या स्वस्त सायकलींवर बहुधा फ्रीव्हील असते. त्यात उजवीकडचे बेअरिंग गट्ट्याच्या आत दूर राहते, ॲक्सलचा बराच भाग आधाराविना, आणि लादलेली सायकल खड्ड्यात आपटली की तो वाकतो. कॅसेटमध्ये बेअरिंग पार टोकाला असते.

तिसरे, भोके. मागे कॅरिअरला दोन आणि मडगार्डला दोन, अशी आट्यांची वेगवेगळी भोके आहेत का, ते बोट फिरवून बघा. पुढच्या फोर्कच्या मध्यावर असतील तर फारच छान. 'क्लॅम्प लावून बसवून देतो' या आश्वासनावर टूरिंगची सायकल घेऊ नये.

दुरुस्ती_म्हापसा

वरच्या पोस्टला माझे पूर्ण अनुमोदन. मी हत्यारांच्या बाजूने लिहितो, कारण आपल्याकडचे हवामान सायकल खाते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बाराही महिने खारा वारा.

फ्रेम ॲल्युमिनियमची घ्या. क्रोमोली स्टील सुंदर असते, लवचीक असते, पण ते गंजते आतून. पाणी सीटच्या नळीतून शिरते आणि खाली पेडलच्या नळीशी साचते. बाहेरचा रंग शाबूत दिसतो. स्टीलच घ्यायची तर खरेदीच्या दिवशीच आतून गंजरोधक तेल मारून घ्यावे आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा. 'स्टील कुठेही वेल्डिंग होते' असे सांगतात, पण सायकलची नळी पातळ असते, खिडक्यांचे गज जोडणाऱ्याचे ते काम नाही.

कोणतीही फ्रेम असो, सीटपोस्ट बाहेर काढून ग्रीस लावून बसवा. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट, वर खारट ओल, की दोन धातू एकमेकांना धरतात. माझ्याकडे आलेल्या एका सायकलचा पोस्ट मी वाइसमध्ये पकडून आख्खी फ्रेम दोन्ही हातांनी फिरवली तेव्हा कुठे तो करकरत सुटला, आणि त्याच्याबरोबर पांढऱ्या भुकटीची मूठभर खपली बाहेर आली. कॅरिअरचे बोल्टही ग्रीस लावूनच, आणि स्टेनलेसचे.

ब्रेक : डिस्क घ्या, तारेवर चालणारे. व्ही-ब्रेक वाईट नाहीत, सोपे आहेत, हलके आहेत. पण आपल्या जांभ्याची तांबडी माती पावसात रिमवर बसते आणि ब्रेक दाबला की कानसीचे काम करते. पॅड उलटा करून बघितलात तर त्यात रिमचे चकचकीत कण रुतलेले दिसतात. ते टाचणीने काढले नाहीत तर रिमच झिजत जाते. डिस्कला तो त्रास नाही. समुद्राकाठी ठेवल्यावर चकतीवर तांबूस थर दिसेल, दोन-चार वेळा ब्रेक दाबला की जातो. फक्त चेनला तेल घालताना चकतीवर उडू देऊ नका, पॅड तेल पितात आणि मग पकडत नाहीत. हायड्रॉलिक जास्त जोरदार असतात आणि बोटांना हलके, पण तेलाची नळी गळाली तर वाटेतल्या गावात काही करता येत नाही. तार तुटली तर खिशातली दुसरी तार घालून माणूस पुढे जातो.

डिस्कबरोबर कॅरिअर घेताना दुकानातच बसवून बघा. डाव्या बाजूचा ब्रेक सीटकडून मागच्या चाकाकडे येणाऱ्या वरच्या नळीवर असेल तर साधा कॅरिअर त्याला अडतो, त्याच्यासाठी वेगळा मिळतो.

मये_डिचोली

केवढी माहिती दिलीत, आभार. तुमच्या सांगण्याप्रमाणे काल पणजीत दोन सायकली पाहून आले. दोन्ही ॲल्युमिनियमच्या, दोन्हीला तारेचे डिस्क.

पहिली : पुढे शॉकॲब, ४८-३८-२८, मागे मोठे चक्र ३२. दिसायला दणकट.
दुसरी : पुढे साधा कडक फोर्क, ४८-३६-२६, मागे ३४, नऊ गिअरची कॅसेट. टायर ७०० x ३५, दुकानदार म्हणतो ४० बसेल. कॅरिअरची भोके आहेत, फोर्कवरही मध्यावर आहेत. किंमत थोडी जास्त, पण बजेटमध्ये.

पहिलीचे शॉकॲब खड्ड्यांसाठी बरे ना? आपल्या रस्त्यांची अवस्था तुम्हाला ठाऊकच आहे. आणि दुसरा प्रश्न, तासाभराने माझी करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते. सरळ हँडलचा हाच तोटा, असे दुकानदार म्हणाला.

काणकोण_करमलघाट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण मला तोच त्रास होता आणि आता नाही. करंगळी आणि अनामिका यांची नस तळव्याच्या बाहेरच्या कडेवरून जाते. गोल ग्रिपवर सगळा भार नेमका त्या कडेवर येतो. उपाय तीन, आणि तिन्ही एकदम करायचे.

ग्रिप बदला. तळव्याखाली पंखासारखा चपटा भाग असलेल्या मिळतात, एरगॉनच्या प्रसिद्ध आहेत, त्याच धर्तीच्या स्वस्तातही मिळतात. तो पंख असा फिरवून घट्ट करायचा की मनगट खाली मोडणार नाही. ब्रेक लिव्हरही थोडे खाली झुकवा, बोटे दांड्यावरून सरळ रेषेत लिव्हरवर पडली पाहिजेत.

टोकाला बारएंड लावा, लहान शिंगे असतात ती. चढावर ती धरून खेचता येते आणि हाताला दुसरी जागा मिळते. माझ्यासारखी करमल घाट चढणारी बाई ती कधीच काढणार नाही. हात ठेवायला जागाच नाही, हा सरळ हँडलवरचा आक्षेप अर्धा इथेच संपतो. आणखी हवे असेल तर युरोपात टूरिंगवाले फुलपाखरी हँडल वापरतात, त्याची नळी २२.२ चीच असल्याने तुमचेच लिव्हर त्यावर चढतात.

तिसरे म्हणजे सीट. तिचे नाक खाली झुकलेले असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि तो भार हात पेलतात. सीट सपाट करा. बायकांना बसायच्या हाडांमधले अंतर बहुधा जास्त लागते, तेव्हा रुंदी आपल्या हिशेबाने घ्या. गुबगुबीत जेलच्या मोहात पडू नका, ती लांबवर जास्त टोचते.

आणि हँडल फार रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी सारखे कापून मिळते. आधी ग्रिप आत सरकवून चार दिवस चालवून बघा, मगच करवत.

शापोराकाठ

शॉकॲबबद्दल. स्वस्त सायकलवरचे शॉकॲब वजनाला दोन किलोच्या वर भरते, चढावर उभे राहून पेडल मारले की बसते-उठते, त्याच्या नळ्यांवर खारी हवा आणि तांबडी धूळ बसून सील जातात, आणि त्याला बॅग बांधायला जागा नसते. तेच काम जाड टायर करतो. ४० चा टायर, मागे साधारण ६० आणि पुढे ४५ पीएसआय हवा, एवढ्यात आपले खड्डे सुसह्य होतात. फक्त ४० चा टायर मडगार्डसकट बसतो का, ते बघा. दुकानदार बहुधा मडगार्डशिवाय सांगतात. नाहीतर ३८ घ्या. पंक्चरविरोधी थर असलेला घ्या, श्वाल्बे मॅरेथॉन जड आहे पण पैसे वसूल होतात.

तुमची दुसरी सायकल कागदावर बरोबर आहे.

तळ्याकाठचा_वाडीकर

मी सावंतवाडीचा, हा रस्ता माझ्या पायाखालचा. रेडी, शिरोडा, वेंगुर्ले, परुळे, मालवण, आचरा, कुणकेश्वर, देवगड. नकाशात किनारा सपाट दिसतो, तसा तो नाही. खाडीवरचा पूल संपला की चढ, वर सडा, म्हणजे खडकाळ माळ, सड्यावर उन्हाचा ताव, सड्याच्या टोकाला एकदम उतार, खाली माडांची वाडी आणि पुढची खाडी. एकेक चढ लहान असतो, पण दिवसभर संपत नाहीत. म्हणून दातांचा हिशेब शापोराकाठ यांनी सांगितला तो अगदी खरा.

वाटेतल्या गावांत ७०० ची ट्यूब मिळेल या भरवशावर राहू नका. साध्या सायकलीची २८ इंची मिळते. तिचा टायर तुमच्या रिमवर बसणार नाही, कारण तिची रिम ६३५ मिलिमीटरची आणि तुमची ६२२ ची. पण ट्यूब मात्र ३८-४० च्या टायरमध्ये वेळ मारून नेते, जर रिमचे भोक जाड व्हॉल्व्हचे असेल तर. म्हणून खरेदीच्या वेळी मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेली चाके बघा. पेट्रोल पंपावर हवा भरता येते ती सोय वेगळीच. बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर बरोबर ठेवा.

सामान सगळे मागे लादू नका. तुमच्याकडे पोदेर सकाळी पावांचा टोपला कॅरिअरवर बांधून जातो ना, त्याला चढावर बघा. पुढचे चाक हलके होऊन हँडल डावी-उजवी भटकते, आणि तो पुढे झुकून ते दाबून धरतो. त्याचे पाव हलके असतात. तुमचे पाणी आणि हत्यारे जड, ती फ्रेमच्या त्रिकोणात किंवा फोर्कच्या भोकांवर न्या.

आता वाऱ्याचे. अंत्रुजकर म्हणतात तो त्रास होणारच. दिवाळीनंतरच्या महिन्यांत दुपारी वायव्येचा वारा चढतो, उत्तरेकडे जाणाऱ्याच्या तोंडावर. त्याला साधा इलाज आहे. उलटे या. थिवीहून रेल्वेने कणकवलीला जा, तिथून तळेऱ्यावरून विजयदुर्ग गाठा, आणि मग देवगड, मालवण, वेंगुर्ले, रेडी करत खाली तेरेखोलला या. तेरेखोल गोव्यातच, फेरीने केरीत उतरलात की खाडीही पार. वारा बहुतेक पाठीवर किंवा बाजूने राहील, आणि सायकल रोज घराच्या जवळ येत जाईल, काही मोडले तरी मदत जवळ.

अंत्रुजकर

ही उलट दिशा मला फार पटली. ताई, अशी जाणार असाल तर ड्रॉपबारचा माझा आग्रह मी सोडतो. मात्र तुमच्या मैत्रिणीचे गिअरही मोजून घ्या. एकीची सायकल हलकी चढणारी आणि दुसरीची जड, तर दोघींचाही दिवस खराब जातो.

मये_डिचोली

मैत्रिणीच्या सायकलचे मोजले. पुढे २८, मागे २८! मागचा गट्टा फ्रीव्हीलचा आहे. तिला काय करता येईल? आणि मी दुसरी सायकल घ्यायचे जवळपास ठरवले आहे, शनिवारी चालवून बघणार. त्या वेळी काय बघू?

दुरुस्ती_म्हापसा

मैत्रिणीला नवी सायकल लागणार नाही. सात गिअरची ३४ दातांची फ्रीव्हील मिळते, तिच्यासाठी गरज पडली तर मागचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) लांब पिंजऱ्याचा आणि चेन नवी. २८ ला ३४ म्हणजे ०.८२, जुन्यापेक्षा बरेच हलके. ॲक्सलचा प्रश्न मात्र राहतो, म्हणून जड बॅग तुमच्याकडे आणि हलकी तिच्याकडे.

शापोराकाठ

शनिवारी जाताना दोन पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या भरून आठ-दहा किलो वजन न्या. दुकानदाराला कॅरिअर बसवायला सांगा आणि पिशव्या दोन्ही बाजूंना बांधून चालवा. टाच मागे जाताना पिशवीला लागते का, हे आधी बघा. लागत असेल आणि पिशवी मागे सरकवूनही लागत असेल, तर त्या फ्रेमची मागची नळी आखूड आहे, ती सायकल सोडून द्या. हळू वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागतो का तेही बघा, लहान मापाच्या फ्रेममध्ये तो लागतो आणि मडगार्ड बसल्यावर जास्तच.

तुमच्या उंचीला बहुधा स्मॉल लागेल. दोन मापांत अडकलात तर लहान घ्या. सीट वर करता येते; लांब फ्रेम आखूड करता येत नाही, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून थोडाफार फरक पडतो इतकेच. कोपर किंचित वाकलेले राहून हात ग्रिपवर आरामात पोचले पाहिजेत.

सपाट रस्त्यावर चालवून परत येऊ नका. पणजीतच आल्तिनोचा चढ आहे. वजनासकट, बसून, सर्वांत हलक्या गिअरवर चढा. आणि उतरताना दोनच बोटांनी ब्रेक दाबून सायकल जागच्या जागी थांबते का, ते तपासा. लिव्हर लांब वाटला तर त्याच्या मुळाशी बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो. लहान हातांसाठी तोच आहे.

दुरुस्ती_म्हापसा

घेतलीत की त्याच दिवशी पेडल काढून, आट्यांना ग्रीस लावून परत बसवून घ्या. रेल्वेत सायकल द्यायची तर पेडल काढावेच लागतील आणि कोरडे बसवलेले पेडल आयत्या वेळी हलत नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते काढताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. १५ चा पाना किंवा सहाची ॲलन की, जे तुमच्या पेडलला लागते ते बॅगेत वर ठेवा, तळाशी नको. आणि थिवीला आदल्या दिवशी जाऊन पार्सलच्या खिडकीवर सायकलचे विचारून या.